सेकंदाचा दहावा भाग

एके काळी भुईगावात संध्याकाळ माझ्यामुळे लवकर होत असे. सूर्य आपल्या वेळेनेच मावळायचा, पण चर्चची घंटा त्याच्या आधी वाजून जायची, आणि गाव सूर्यापेक्षा घंटेवर जास्त विश्वास ठेवणारं. भात लवकर चढे, पोरं खेळ अर्धा टाकून घरी येत, म्हाताऱ्या हातातलं काम सोडून प्रार्थनेला उभ्या राहत. त्या घंटेमागे एक डबा होता, डब्यात एक चिप होती आणि त्या चिपमध्ये मी होते.

मी म्हणजे ही आत्ताची, टीव्हीचा रिमोट मांडीखाली ठेवून घरभर शोधणारी आजी नव्हे. तेव्हाची मी. ती बाई तुम्हाला भेटली असती तर तुम्हालाही तिचा राग आला असता. खळ घातलेली कडक सुती साडी, चष्म्याला साखळी, पर्समध्ये स्क्रू-ड्रायव्हर, आणि दर तिसऱ्या वाक्याला "तसं नसतं ते!" मेथीची जुडी अशी का सुकलीय म्हणून भाजीवाली काही सांगायला लागली, तरी हिचं आपलं "तसं नसतं ते!" भाजीवालीने मग मला मेथी दाखवणंच सोडून दिलं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही माणिकपूरला फ्लॅट घेऊन राहायला आलो होतो. यजमान रोज मुंबईला नोकरीला जात. मीही लग्नाआधी मुंबईत एका कंपनीच्या कॉम्प्युटर खात्यात होते. पण मुलगी शाळेत रुळल्यावर मी जवळच, सातिवलीला, एका छोट्या कारखान्यात काम धरलं. कारखाना म्हणजे एक गाळा. शेजारच्या गाळ्यात प्लास्टिकच्या बादल्या होत, त्यामुळे आमच्या साऱ्या बुद्धिमत्तेला वितळलेल्या बादलीचा वास असे. आम्ही यंत्रं चालवणारे इलेक्ट्रॉनिक डबे बनवायचो. त्या डब्यांनी काय करायचं हे मी लिहायचे.

एरवी अशा डब्याला काय ते एकदाच शिकवतात आणि झाकण लावतात. गिऱ्हाइकाला काही बदल हवा असला की डबा पुन्हा आमच्या दारात. मी म्हटलं, बदल गिऱ्हाइकालाच करू दे. म्हणून मी एक लहानशी भाषा तयार केली. रोमन लिपीत टाइप करायचे साधे मराठी शब्द: वाजव, थांब, सात वाजता, रविवार असेल तर. त्या भाषेत लिहिलेल्या सूचना एकेक ओळ वाचत त्याप्रमाणे वागणारा प्रोग्राम म्हणजे माझं स्क्रिप्ट इंजिन. त्यात आकडा एकाच प्रकारचा होता. पूर्णांक वेगळे, अपूर्णांक वेगळे ही भानगडच नाही. सगळे आकडे दशांशचिन्हाचे. याचं मला इतकं कौतुक होतं की चार लोकांत मी त्याला "एलिगंट" म्हणायचे. मालकांनी एकदा शांतपणे विचारलं, "मॅडम, त्याने डबा हलका होतो का?"

टेबलावरच्या कॉम्प्युटरवर हे इंजिन वर्षभर लोण्यासारखं चाललं. मग ते तिथून उचलून बोटभर चिपमध्ये बसवायचं ठरलं. याला आमच्यात पोर्ट करणं म्हणतात. तीन खोल्यांचा संसार एका ट्रंकेत भरायचा, आणि वर तो उघडल्याबरोबर जिथल्या तिथे मांडलेला दिसला पाहिजे. मी भरला. ट्रंक बंद झाली. मी तिच्यावर बसूनही पाहिलं. आणि नेमकी तेव्हाच भुईगावकडची ती घंटेची ऑर्डर आली.

चर्चची घंटा दिवसातून तीनदा प्रार्थनेसाठी वाजे. सकाळी, दुपारी बाराला आणि संध्याकाळी सातला. ती वाजवणारे काका साठीचे होते. मनोऱ्याचा अरुंद जिना चढायचा, दोर ओढायचा, उतरायचं. गुडघे कुरकुरायला लागले होते. फादर म्हणाले, दोराऐवजी मोटर लावू या, आणि सणासुदीचं वेळापत्रक मीच कॉम्प्युटरवर लिहीन. माझ्या भाषेला याहून चांगलं गिऱ्हाईक कुठून मिळणार होतं?

मी मोजमापं घ्यायला गेले तेव्हा काकांची बायको जिन्याखाली माझी वाटच बघत होती.

"बाई, तुमचा डबा चालंल ना?"

"चालेल म्हणजे काय, मावशी! चालणारच."

"नाय, मी का विचारते, पोरीला पुन्याला मुलगी झालीय. आमचं पयलं नातवंड. येत्या म्हयन्यात बाप्तिस्मा हाय. आन ह्या मानसानं लग्न झाल्यापासून एक रात गावाभायेर काढलेली नाय. का, तर घंटा कोन वाजवंल!"

"दुसरं कोणी नाही का?"

"एकदा पुतन्याला दोर दिला व्हता. त्यानं अशी वाजवली की लोक बादल्या घेऊन धावले. आग लागली म्हनून."

वरून, जिन्यातूनच, काकांचा आवाज आला. "मी येतो म्हटलंय ना! डबा बरोबर चालला की येतो."

"आन नाय चालला तर?"

"तर तू जा."

मावशी माझ्याकडे वळल्या. "ऐकलंत? आजी एकटी पाळना हलवनार, आन आजोबा हितं घंटेला लोंबकळनार."

मी त्यांचा हात हातात घेऊन मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "मावशी, तुम्ही दोघांची तिकिटं काढा." आता आठवलं की खळीच्या साडीतल्या त्या तेव्हाच्या माझ्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटतो.

डबा बसवला. मनोऱ्यात वीज गेली तरी घंटा चुकू नये म्हणून तो मोठ्या बॅटरीवर ठेवला. पहिल्या दिवशी दुपारची घंटा वेळेवर, संध्याकाळची वेळेवर. काका खाली हाताची घडी घालून, वर बघत उभे होते. फादरांनी माझ्याशी हस्तांदोलन केलं. मी माणिकपूरला परतले ती जणू मनोराच बांधून.

दुसऱ्या दिवशी सातची घंटा पावणेसातच्याही आधी वाजली.

चर्चमधून फोन आला तेव्हा मी म्हटलं, घड्याळ लावताना फादरांचीच काहीतरी चूक झाली असेल. सकाळी रिक्षा करून गेले. जाऊन पहिलं काम कुठलं केलं? बटण बंद केलं, चालू केलं, माझ्या घड्याळावर वेळ लावली. घंटा दिवसभर शहाण्यासारखी वाजली. "बघा, चालला," म्हणून मी घरी आले. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा तेच. पुन्हा गेले, पुन्हा बंद-चालू, पुन्हा शहाणा. एकदा मला लगेच जाता आलं नाही, तर तिसऱ्या दिवशी घंटा लवकर नव्हे, चांगली पाऊण तास उशिरा वाजली. म्हणजे आधी घाई आणि मग आळस. त्याच दिवसांत सातिवलीच्या गाळ्यात, माझ्या टेबलावर, त्याच चिपचा त्याच प्रोग्रामचा दुसरा डबा एका सेकंदाचीही कुरकुर न करता चालत होता.

शेवटी मी पुन्हा एकदा मनोऱ्यात गेले, तर मावशी डब्यासमोर कमरेवर हात ठेवून उभ्या.

"दर टायमाला तुम्ही येता, बटन बंद करता, चालू करता, आन म्हनता, 'बघा, चालला.' आमचा म्हातारा पन डाक्टरासमोर ताडताड चालतो. घरी आला की भिंत धरतो. डाक्टरला काय दिसनार?"

"यंत्राचं तसं नसतं, मावशी."

"मग कसं असतं?"

मी पर्समधला स्क्रू-ड्रायव्हर उगाच बाहेर काढला आणि परत ठेवला. मावशींनीही ते ताणलं नाही. घरी नेऊन तांदळाची भाकरी आणि केळफुलाची भाजी वाढली. मी काही लहान पोर नव्हते, तरी त्या दिवशी चेहरा तसाच रडवेला झाला असणार. काका समोर बसून जेवत होते. नातीचं नाव निघालं की डोळे चमकत, आणि डबा बिघडल्याचं निघालं की ओठांचे कोपरे हळूच वर जात. त्यांना पुण्याला जायचं होतं, अगदी मनापासून. पण ही घंटा आपल्यावाचून कुणाचं ऐकत नाही, याचं सुखही त्यांना लपवता येत नव्हतं.

"बाप्तिस्मा पुढल्या रविवारच्या पुढल्या रविवारी," मावशी म्हणाल्या. "त्याच्या आत काय ते करा. नायतर सांगून टाका, म्हंजे मी एकटीची बॅग भरते."

मी डबा सोडवून घेतला. काका पुन्हा जिना चढू लागले.

डबा मी गाळ्यात नेला नाही, घरी आणला. मावशींचं बोलणं डोक्यात बसलं होतं. रोग्याला घरच्यासारखंच ठेवून बघायचं ठरवलं. चर्चमध्ये तो बॅटरीवर होता, म्हणून मालकांच्या जीपची जुनी बॅटरी मागून आणली. घंटेऐवजी पितळेचं पातेलं टांगलं, त्यावर छोटा हातोडा पडेल अशी व्यवस्था केली, आणि सगळं प्रकरण जेवायच्या टेबलावर मांडलं.

सासूबाई कमरेत किंचित वाकून बघत राहिल्या. "काय आहे हे?"

"घंटा आहे, आई. चर्चची."

"जेवायच्या टेबलावर?"

"थोडे दिवस."

"आणि आपण जेवायचं कुठे?"

"खाली बसून."

"बरं झालं बाई. मी सांगून तर कुणी मांडी घातली नाही."

एका दिवसात त्यांनी पातेलं कामाला लावलं. बाराला ते वाजलं की रक्तदाबाची गोळी, सातला वाजलं की देवापाशी दिवा आणि मग टीव्हीवरच्या बातम्या. मी घड्याळाशी ताडून बघत होते. पहिला दिवस तर ठीक गेला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी कणीक मळत होते. पातेलं वाजलं. सासूबाईंनी दिवा लावला, शुभंकरोती म्हटली, टीव्ही लावला आणि तिथूनच ओरडल्या, "अगं, बातम्या कुठे गेल्या? इथे एक माणूस भातावरच्या किडीबद्दल बोलतोय!"

शेतीचा कार्यक्रम चालू होता. म्हणजे सात वाजायला अवकाश होता. मी कणकेच्या हातांनी धावत आले, आणि सवयीने हात सरळ बटणाकडे गेला.

तिथेच थांबला. डॉक्टरसमोर ताडताड चालणारे काका डोळ्यांपुढे आले. बटण बंद केलं की हा पुन्हा बरा होणार, आणि मला पुन्हा काही दिसणार नाही.

"कर ना बंद," सासूबाई म्हणाल्या.

"नाही."

"मग माझ्या दिव्याचं काय? लवकर लागला की तो."

"राहू दे. देवाला कसली घाई असते?"

"देवाला नसते गं. तुझ्या पातेल्याला आहे."

डब्यावर दोन ओळींचा इवलासा पडदा होता आणि मागे, फक्त माझ्यासाठी ठेवलेली, एक कळ. ती दाबली की डब्याचं घड्याळ एका वेळी एकच पाऊल टाकी आणि आतला आकडा पडद्यावर दाखवी. घड्याळाची रीत साधी होती. डबा चालू केल्यापासून सेकंदाच्या दर दहाव्या हिश्शाला एक ठोका. दर ठोक्याला आकड्यात शून्य दशांश एक मिळवायचा. मी कळ दाबली. लाखाच्या वर गेलेल्या आकड्याच्या शेवटी दिसलं .१०१६. पुन्हा दाबली: .२०३१. पुन्हा: .३०४७.

मी त्याला सेकंदाचा दहावा भाग देत होते आणि तो दर वेळी थोडा जास्त घेत होता. चमच्याने साखर घालताना वर थोडी शीग राहावी, तसा.

चिपबरोबर आलेलं जाडजूड पुस्तक मी कणकेच्याच हातांनी उघडलं. त्या पानांना ती कणीक नंतर कायमची चिकटली. बारीक टाइपात एका ओळीत लिहिलं होतं की या चिपवर मोठा दशांश आणि छोटा दशांश एकच. टेबलावरच्या कॉम्प्युटरवर माझ्या आकड्यांना पंधरा-सोळा घरं मिळत. इथे जेमतेम सात. मी मोठा मागितला, आणि चिपने "हो बाई" म्हणून मुकाट्याने छोटा दिला होता.

सात घरांत आकडा कसा बसतो? शिंप्याची अशी एक टेप समजा की सुरुवातीला तिच्यावर अगदी बारीक खुणा आहेत, पुढे पुढे त्या विरळ होत जातात, आणि लांब गेलं की वीतवीत अंतरावर एक खूण. आता अशा टेपवर दर वेळी करंगळीएवढंच पुढे सरकायचं. सुरुवातीला जमतं. पुढे मात्र करंगळी दोन खुणांच्या मध्ये येते, आणि टेपला मध्ये थांबता येत नाही. जवळच्या खुणेवर जाऊन बसावं लागतं. जवळची खूण पुढे असली की घाई, मागे असली की आळस. दुसऱ्या दिवशी माझी घंटा पुढच्या खुणेवर बसत होती, तिसऱ्या दिवशी मागच्या.

मग सातिवलीतला डबा का चुकत नव्हता? हे कळलं तेव्हा मी जमिनीवर बसून इतकी हसले की सासूबाईंना वाटलं पातेलं माझ्याच डोक्यात पडलं. आमच्या गाळ्यात वीज रोज जायची. वीज गेली की आम्ही चहा प्यायचो. ती आली की डबा पुन्हा शून्यापासून मोजायला लागे. आकडा मोठा व्हायला सवडच नव्हती. बिघडायला जेवढा वेळ लागतो तेवढा आमच्याकडे कुठल्याच यंत्राला मिळत नसे. चर्चमध्ये मी मोठ्या काळजीने बॅटरी लावली, आणि वर दर फेरीला स्वतःच्या हाताने त्याला शून्यावर आणून "बघा, चालला" म्हणाले. वीज मंडळ आणि मी, दोघांनी मिळून तो दोष नीट झाकून ठेवला होता.

दुरुस्ती एवढीशी होती. घड्याळाने दशांशाच्या वाटेला जायचंच नाही. ठोके मोजायचे, एक, दोन, तीन, पूर्ण आकड्यांत. आणि किती वाजले असं कुणी विचारलं तरच दहाने भागायचं. म्हणजे पूर्णांक वेगळे, अपूर्णांक वेगळे ही भानगड माझ्या भाषेत शेवटी आलीच. मालकांना सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे फक्त पॉइंट काढून टाकला? यासाठी माझी बॅटरी नेली होतीत?"

पातेलं त्यानंतर चार-पाच दिवस बातम्यांच्या बरोबरीने वाजलं. डबा पुन्हा मनोऱ्यात गेला. काकांनी रेडिओवर घड्याळ लावून घेतलं आणि प्रत्येक घंटेला खाली उभं राहून ताडलं. सकाळ, दुपार, संध्याकाळ. मी बटणाला बोटही लावलं नाही; मावशींची नजर माझ्या बोटांवरच होती. शुक्रवारी संध्याकाळी काका मनगटाकडे बघत म्हणाले, "बरोबर हाय." कुणी वाईट बातमी सांगावी तसं.

"मग भरू ना बॅग?" मावशी.

"रविवारी बाई हितं बसनार असतील तर भर."

"बसते," मी म्हटलं. "सकाळपासून सातच्या घंटेपर्यंत."

शनिवारी दोघं पुण्याला गेली. काकांनी एसटीत बसेपर्यंत तीनदा मनोऱ्याकडे वळून पाहिलं, असं नंतर मावशींनीच सांगितलं. रविवारी मी चर्चच्या ऑफिसात खुर्ची टाकून बसले. सकाळची वाजली, बाराची वाजली. सात वाजायला थोडा वेळ होता तेव्हा फोन खणखणला. पुण्याहून काका.

"बाई, खिडकी उघडी हाय?"

"आहे."

"मग फोन भायेर धरा."

मी फोनची वायर पुरेल तेवढा रिसीव्हर ताणला आणि हात खिडकीबाहेर काढून उभी राहिले. रस्त्याने जाणाऱ्या बायका थबकून बघायला लागल्या, एकीने दुसरीला विचारलंही, "ही बाई आभाळाशी बोलते काय?" घंटा वाजली. सुरुवात वेळेवर, ठोके सगळे. शेवटचा घुमून पूर्ण विरला तेव्हा मी रिसीव्हर कानाला लावला. पलीकडे नुसता श्वास, आणि त्याहून जवळ, अगदी तोंडाशी, बाळाचं कुरकुरणं.

"ऐकलीत, काका?"

"ऐकली."

"वेळेवर होती ना?"

"वेळेचं नाय म्हनत मी. पन शेवटचा ठोका लवकर पडला. तो जरा थांबून टाकायचा असतो. लोकांना वाटाया पायजे, संपली. मग टाकायचा."

"किती थांबायचं? सांगा, आत्ता लिहून टाकते. दोन सेकंद? अडीच?"

"असं तोंडानं नाय सांगता येत. दोर हातात पायजे." मग फोनमध्ये काहीतरी खसखसलं, बाळ ओरडलं, मावशी मागून म्हणाल्या, "मान धर तिची, मान!" आणि काका घाईने म्हणाले, "बाई, ठेवतो. दोन्ही हात अडकलेत माझे."

"परत कधी येताय?"

लग्नानंतर कालपर्यंत एक रात्र गावाबाहेर न काढलेल्या त्या माणसाने आधी बाळाला 'ओ ओ' केलं.

"बघू," तो म्हणाला. "वाजतेय ना तिकडं?"